कोडिंगच्या पहिल्या पुस्तकावरून मराठी वेबपेज कसं बनवायचं

एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस (त्याचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) शिकवणारं एक बरं पुस्तक, चालता लॅपटॉप आणि रोजचा पाऊण तास एवढ्यावर साधं, नीटनेटकं वेबपेज बनवता येतं. त्यासाठी क्लासची फी भरायलाच हवी असं नाही. खरी अडचण वेगळी आहे. बहुतेक पुस्तकं मजकूर इंग्रजीच असणार असं धरून लिहिलेली असतात. पुस्तकातला नमुना हुबेहूब चालतो, पण त्यात मराठी मजकूर टाकला की ओळी एकमेकींना चिकटतात, अक्षरं तुटतात, कधी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. पुस्तकात याचं उत्तर सापडत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

इथे टॅगची (मजकूर मथळा आहे, परिच्छेद आहे की लिंक हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांची) आणि सीएसएसमधल्या शब्दांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायची. सरावासाठी उदाहरण घेतलंय दादरच्या एका काल्पनिक पोळीभाजी केंद्राच्या पानाचं: नाव, दरपत्रक, चार फोटो, फोन करायची लिंक. एवढ्यात सुरुवातीचं जवळजवळ सगळं येतं.

पुस्तक निवडताना

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टात फुटपाथवरच्या ठेल्यांवर संगणकाची जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. कादंबरी जुनी झाली म्हणून बिघडत नाही, हे पुस्तक मात्र बिघडतं. म्हणून किंमत विचारायच्या आधी प्रकाशनाचं वर्ष बघा. एचटीएमएल ५ ला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि पानाची मांडणी करणारं सीएसएस ग्रिड मुख्य ब्राउझरांमध्ये आलं मार्च २०१७ पासून. त्यामुळे २०१८ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तरच पैसे द्या.

वर्षावर भरवसा वाटत नसेल तर शेवटची शब्दसूची उघडा. तिथे फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, मीडिया क्वेरी आणि व्ह्यूपोर्ट हे चार शब्द हवेत. फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, फ्रेमसेट किंवा टेबल वापरून अख्ख्या पानाची मांडणी शिकवली असेल तर पुस्तक ठेवून द्या. पानावर अॅनिमेशन दाखवणाऱ्या फ्लॅशवर प्रकरण असेल तरी तेच. फ्लॅश डिसेंबर २०२० अखेर बंद झालं. जुनं पुस्तक घरात आधीच असेल तर मात्र टाकू नका. मथळे, परिच्छेद, याद्या आणि लिंक यांची प्रकरणं त्यात आजही खरी आहेत. मांडणीची प्रकरणं तेवढी सोडा.

आमच्या मते सर्वांत मोठी कसोटी अशी: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पूर्ण फाइल छापलेली आहे का? नुसते चार ओळींचे तुकडे देणाऱ्या पुस्तकात नवशिक्याला कळतच नाही की हा तुकडा फाइलमध्ये नेमका कुठे बसवायचा. एकाच खंडात जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि डेटाबेससुद्धा उरकणारं जाडजूड पुस्तक पहिल्यांदा घेऊ नये. त्यात सीएसएसच्या वाट्याला चाळीस पानं येतात, आणि वेळ तर सगळा सीएसएसमध्येच जातो.

संगणकाची तयारी

नवा लॅपटॉप लागत नाही. लॅमिंग्टन रोडला मिळणारा वापरलेला लॅपटॉपही पुरतो. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर एडिटर आणि ब्राउझर दोन्ही एकत्र चालतात. एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, म्हणून व्हीएस कोड फुकट मिळतो. मशीन अगदीच संथ असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या. वर्डमध्ये कोड लिहू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं गोल करून टाकतो, आणि ब्राउझरला गोल चिन्हं अवतरण म्हणून कळत नाहीत. पीडीएफमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेल्या कोडमध्येही हेच होतं. लिंक उघडत नाही, रंग लागत नाही, आणि डोळ्यांना तर सगळं बरोबर दिसतं.

विंडोजवर पहिल्याच दिवशी फाइलची एक्स्टेन्शन (नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग) दिसतील अशी सेटिंग करा. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत ती असते. नाहीतर साध्या नोटपॅडमध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ या नावाने सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ होऊन बसते आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी कोडच दिसतो.

मग एक फोल्डर करा. त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल, स्टाइल नावाची सीएसएस फाइल आणि फोटोंसाठी इमेजेस नावाचा फोल्डर. सगळी नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मराठी फाइलनाव संगणकाला चालतं, पण लिंकमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराची आणि प्रत्येक काना-मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘दरपत्रक’ एवढ्या शब्दाची लिंक पाठवली की समोरच्याला टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ दिसते.

एक प्रकरण, तीन फेऱ्या

पुस्तकासोबत मिळणारी तयार कोडची फाइल डाउनलोड करून उघडू नका. पहिल्या फेरीत छापलेली फाइल स्वतः टाइप करा, अक्षर न बदलता. कंस बंद करायचा राहतो, अर्धविराम सुटतो, सीएसएसमधल्या क्लासच्या (घटकांच्या गटाला दिलेल्या नावाच्या) आधीचा टिंब विसरतो. या चुका हाताने केल्या आणि हाताने शोधल्या की पुढे दिसताक्षणी ओळखू येतात. तयार फाइल ठेवायची ती फक्त तासभर शोधूनही चूक सापडली नाही तर ताडून बघायला.

दुसऱ्या फेरीत चालणारं पान मुद्दाम मोडायचं. परिच्छेद बंद करणारा पी टॅग काढून बघा, फरक जवळजवळ पडत नाही, कारण पुढचा परिच्छेद सुरू होताच ब्राउझर आधीचा आपोआप बंद करतो. आता लिंक बंद करणारा ए टॅग काढा. तिथून पुढचा सगळा मजकूर लिंक होऊन बसतो. सीएसएसमध्ये एका ओळीचा अर्धविराम काढा. ती ओळ आणि तिच्या खालची ओळ अशा दोन्ही बाद होतात. कुठली चूक कसा परिणाम करते हे एकदा पाहिलं की पुढे परिणामावरून चूक ओळखता येते, आणि वेबपेज बनवण्यातलं निम्मं काम तेच आहे.

तिसऱ्या फेरीत पुस्तक मिटायचं आणि तोच नमुना पोळीभाजी केंद्राच्या पानावर वापरायचा. पुस्तकात एखाद्या बँडच्या अल्बमची यादी असेल तर इथे भाज्यांची यादी. पुस्तकात टेबल असेल तर इथे दरपत्रक. टेबल टॅग फक्त यासाठीच वापरायचा: जिथे खरंच रकाने आहेत तिथे. पुस्तक न उघडता जमलं नाही तर ते प्रकरण अजून झालेलं नाही असं समजा आणि दुसऱ्या दिवशी तेच घ्या.

एचटीएमएलमध्ये शंभरावर टॅग आहेत, पण अशा पानाला वीस-पंचवीस पुरतात. पाठांतराच्या मागे लागू नका. एच १ म्हणजे मुख्य मथळा पानात एकदाच, त्याखाली एच २ म्हणजे उपमथळे, आणि मथळ्याची पातळी अक्षराच्या आकारासाठी निवडायची नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. आकार ठरवणं सीएसएसचं काम.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडणं अवघडच. त्या वेळात पुढचं प्रकरण वाचून घ्या आणि पानाची चौकटी-चौकटींची आकृती वहीत काढा. कुठली चौकट कुणाच्या पोटात आहे हे कागदावर स्पष्ट झालं की घरी टाइप करताना हात अडत नाही.

मराठी मजकूर घातल्यावर

इथे पुस्तक सहसा गप्प असतं, म्हणून सविस्तर.

हेड टॅग सुरू झाल्या झाल्या पहिली ओळ मेटा कॅरसेटची (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी), तिची किंमत म्हणजे व्हॅल्यू यूटीएफ-८. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये यायला हवी, म्हणून ती टायटलच्याही वर ठेवा. ती राहिली तर कधीकधी आपल्या संगणकावर पान नीट दिसतं, कारण ब्राउझर अंदाजाने वाचतो; सर्व्हरवर (पान इंटरनेटवर ठेवणाऱ्या संगणकावर) चढवल्यावर मात्र बिघडतं. बिघाड तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. डोक्यावर तिरपी रेघ असलेलं इंग्रजी ए हे अक्षर आणि विचित्र चिन्हं पुन्हापुन्हा येत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त कॅरसेटची ओळ नाही किंवा चुकली आहे. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील तर फाइल जुन्या एएनएसआय पद्धतीने सेव्ह झाली आणि मजकूर गेला; एडिटरमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करून तो पुन्हा टाइप करावा लागेल. रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

चौथा प्रकार मुंबईत फार भेटतो. केंद्राचं जुनं दरपत्रक किंवा मंडळाचा अहवाल डीटीपीवाल्याकडून फाइल म्हणून येतो, आणि तो मजकूर पानात चिकटवला की अर्थहीन इंग्रजी अक्षरं उमटतात. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी चिन्हांचाच असतो, देवनागरी फक्त फॉन्टमुळे दिसते. कॅरसेट बदलून हे सुटत नाही. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा आणि मग जोडाक्षरं व रफार डोळ्यांखालून घालायचे, कारण तिथेच चुका राहतात.

एचटीएमएलच्या सुरुवातीच्या टॅगला लँग या गुणधर्माची किंमत एमआर द्या. पुस्तकात तिथे ईएन असतं आणि लोक ते तसंच ठेवतात. एमआर दिल्यावर स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात त्यात ते दिसतात.

आता आकडे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून सीएसएसमध्ये देवनागरी आकडे टाइप केले तर ती ओळ ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो. चूक झाल्याचा निरोपही देत नाही. सीएसएसमधले सगळे आकडे इंग्रजीच हवेत. दरपत्रकात ‘पोळी १० रुपये’ असं देवनागरीत खुशाल लिहा. फोनच्या लिंकमध्ये मात्र दिसणारा आकडा मराठी आणि आतला आकडा इंग्रजी, असं दुहेरी लिहायचं: टेल, विसर्गचिन्हासारखं कोलन, अधिकचिन्ह, ९१ आणि मग दहा आकडी नंबर. व्हॉट्सअॅपची लिंक डब्ल्यूए डॉट एमईने सुरू होते. तिच्यात अधिकचिन्ह आणि सुरुवातीचा शून्य दोन्ही नकोत, थेट ९१ पासून सुरुवात.

अक्षरांची शोभा

मुक्त आणि बलू हे मुंबईच्याच ‘एक टाइप’ने घडवलेले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मजकुराला मुक्त चांगला चालतो, बलू मथळ्यापुरता. मुक्तची सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे सात प्रकार, आहेत. सातही मागवू नका. प्रत्येक वजनाची फाइल वेगळी उतरते आणि साध्या फोनवर पान रेंगाळतं. ४०० आणि ७०० एवढी दोन घ्या. फॉन्टच्या यादीत शेवटी सॅन्स-सेरिफ लिहायचं राहू देऊ नका, म्हणजे फॉन्ट उतरला नाही तरी मजकूर वाचता येतो.

ब्राउझरमध्ये अक्षराचा मूळ आकार १६ पिक्सेल असतो. पुस्तकातल्या इंग्रजी मजकुराला तो पुरतो. देवनागरी त्याच आकारात बारीक वाटते, म्हणून १८ ठेवा. ओळींमधलं अंतर म्हणजे लाइन-हाइट १.६ ते १.७, पुढे कुठलंही एकक न लावता. एकक नसलं की प्रत्येक मथळा आपल्या आकाराच्या पटीत अंतर घेतो; पिक्सेलमध्ये दिलं तर मोठ्या मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. पुस्तकातलं १.२ मराठीला अजिबात पुरत नाही. ‘मिठ्ठू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘तुर्की’च्या रफाराला आणि वेलांटीला जाऊन भिडतो.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मराठीला लावू नका. शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. इटॅलिकही टाळा, देवनागरी फॉन्टमध्ये तिरकं वळण बहुधा नसतंच, ब्राउझर सरळ अक्षर ओढून तिरकं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा. आणि दोन्ही कडा सरळ करणारा जस्टिफाय हा पर्याय फोनच्या अरुंद पानावर शब्दांमध्ये ओघळ पाडतो, तेव्हा मजकूर डावीकडूनच लावा.

भगवा रंग पानावर आणायचा मोह होतोच. पण पांढऱ्यावर भगवी अक्षरं उन्हात अजिबात वाचता येत नाहीत. एफएफ९९३३ या रंग-कोडचा भगवा आणि पांढरा यांच्या उजळपणातला फरक जेमतेम २.१ पट भरतो, आणि साध्या मजकुरासाठी सर्वमान्य किमान मर्यादा ४.५ आहे. भगव्या पट्टीवर काळी अक्षरं ठेवली तर हाच फरक नऊच्या वर जातो.

चौकटीचं गणित

सीएसएसमध्ये सर्वांत जास्त डोकं इथे खपतं. प्रत्येक घटक एक चौकट असतो: आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग (मोकळी जागा), मग बॉर्डर (कडेची रेघ), बाहेर मार्जिन (शेजाऱ्यापासूनचं अंतर). रुंदी ३०० पिक्सेल, पॅडिंग २० आणि बॉर्डर १ दिली तर चौकट पानावर ३०० नाही, ३४२ पिक्सेल जागा घेते: ३०० अधिक दोन्ही बाजूंचे ४० अधिक २. म्हणूनच ‘रुंदी १०० टक्के’ दिलेली दरपत्रकाची चौकट ४२ पिक्सेलने बाहेर सांडते आणि फोनवर पान आडवं सरकायला लागतं. उपाय एका ओळीचा आहे. सीएसएसच्या अगदी वर, तारकाचिन्हाच्या नियमात, बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स ही किंमत द्या. मग पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आतच मोजले जातात.

दुसरं कोडं मार्जिनचं. वरच्या परिच्छेदाला खाली ३० आणि खालच्याला वर २० दिलं तर मधलं अंतर ५० होत नाही, ३० होतं. उभ्या दिशेने मोठं मार्जिन लहान मार्जिनला गिळतं. पॅडिंगचं असं होत नाही.

एखादा नियम लागतच नसेल तर एफ १२ दाबा, त्या घटकावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट निवडा आणि उजवीकडची नियमांची यादी वाचा. क्रोममध्ये ओळीवर काट मारलेली असेल आणि शेजारी पिवळा त्रिकोण असेल तर स्पेलिंग किंवा किंमत चुकली आहे. नुसती काट असेल तर दुसऱ्या, अधिक वजनदार नियमाने तिला हरवलं आहे: टॅगपेक्षा क्लास भारी, क्लासपेक्षा आयडी (एकाच घटकाला दिलेलं नाव) भारी. नियम यादीत दिसतच नसेल तर सीएसएस फाइल जोडली गेलेली नाही, किंवा क्लासच्या नावात फरक आहे. एचटीएमएलमधल्या चुकांसाठी फायरफॉक्समध्ये कंट्रोल यू दाबा. चुकीचे टॅग लाल दिसतात.

फोनवरचं पान

केंद्राची गिऱ्हाइकं पान फोनवरच उघडणार, तेव्हा आधी फोनसाठी रचा. व्ह्यूपोर्टची (पडद्यावर दिसणाऱ्या भागाची) मेटा ओळ विसरली तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. त्या ओळीत रुंदी डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल १ एवढंच लिहायचं. युजर-स्केलेबल नो हे जुन्या पुस्तकांत असतं, ते घालू नका. चष्मा घरी राहिलेल्या माणसाला बोटांनी मोठं करून वाचता आलं पाहिजे.

फोटोंच्या चौकटींसाठी ग्रिड वापरा. रकान्यांची किंमत रिपीट, त्यात ऑटो-फिट आणि मिनमॅक्स २२० पिक्सेल ते १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा), गॅप १६ पिक्सेल. पानाला दोन्ही बाजूंनी १६ पिक्सेल पॅडिंग असेल आणि बॉडीचं मूळचं ८ पिक्सेल मार्जिन शून्य केलेलं असेल, तर ३६० रुंदीच्या फोनवर एक रकाना येतो, ७६८ च्या टॅबलेटवर तीन. मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारा नियम) लिहावीच लागत नाही. मेन्यूच्या एका ओळीसाठी फ्लेक्स पुरतं. न मावलेलं पुढच्या ओळीत उतरवणारं फ्लेक्स-रॅप द्यायला विसरू नका, मराठी शब्द लांब असतात.

फोनने काढलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबींचा असतो. तो १२०० पिक्सेलवर आणून २०० केबीच्या आत बसवा. इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा, म्हणजे फोटो उतरताना खालचा मजकूर उड्या मारत नाही. सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो द्या. ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोच्या वर्णनात, ‘फोटो १’ लिहू नका. ‘भरली वांगी आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्या’ असं, न दिसणाऱ्याला कळेल असं लिहा.

पान चढवताना

गिटहब पेजेस किंवा नेटलिफाय या पान इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवांवर असं पान फुकट ठेवता येतं. चढवल्यावर फोटो गायब होतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे अक्षरांचा लहान-मोठेपणा: विंडोजला ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत असो की लहान, दोन्ही सारखेच, सर्व्हरला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. दुसरं म्हणजे फोटोच्या पत्त्यात सी ड्राइव्हपासूनचा मार्ग असणं. तो तुमच्या संगणकावरच उघडणार. पत्ता ‘इमेजेस, तिरकी रेघ, फाइलचं नाव’ एवढाच हवा, आणि रेघ पुढे झुकणारी.

चढवल्यावर पान वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, दुसऱ्याच कुणाच्या फोनमध्ये उघडा. फोनच्या लिंकवर बोट ठेवून नंबर खरोखर डायलला येतो का ते बघा. दर बदलल्यावर फाइल पुन्हा चढवली आणि तरीही जुनंच पान दिसत असेल तर आधी कंट्रोल शिफ्ट आर दाबा. गिऱ्हाइकांना ते सांगता येत नाही, म्हणून सीएसएस बदललं की लिंक टॅगमध्ये फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबरचिन्ह आणि २ असं जोडा. पुढच्या बदलाला ३. ब्राउझरला ती नवी फाइल वाटते आणि तो ती नव्याने उतरवतो.